अठरा कप

दाराशी उभे राहून मोजणीबाईने पुन्हा एकदा डोकी मोजली आणि पुन्हा एकोणीसच भरली.

खिडकीजवळ सहा. मधल्या मोठ्या टेबलाभोवती सात. भिंतीकडेच्या आरामखुर्च्यांवर चार. एक आजी न्हाणीघरात, सोबत दुसरी मदतनीस मावशी गेलेली. सहा, सात, चार आणि एक. बोटांवर बेरीज केली की अठराच येत. पण खोलीभर नजर फिरवत, ओठांतल्या ओठांत एकेक आकडा म्हणत गेले, की शेवटी जिभेवर एकोणीस येऊन बसे. कुठल्या खुर्चीशी तो जास्तीचा आकडा चिकटतो, ते तिला कधी पकडता आले नाही. चोर घरातलाच असला की सापडत नाही, तसे.

वहीत तिने अठरा लिहिले. दहा वाजताच्या घरात खूण केली. दहा महिने हे असेच चालले होते. तोंड एकोणीस म्हणे, हात अठरा लिही.

ही जागा म्हणजे म्हाताऱ्यांचे दिवसघर. सकाळी नऊला लेकी-सुना, मुलगे आपापली माणसे आणून सोडत आणि संध्याकाळी घेऊन जात. शाळाच म्हणा. फक्त इथून वरच्या वर्गात कुणी जात नसे, गेलाच तर एकदम वर. दर दोन तासांनी डोकी मोजून वहीत लिहायची हे तिचे काम, म्हणून म्हाताऱ्यांनीच तिचे नाव मोजणीबाई पाडले होते. एक आजोबा तर ती दिसली की हात वर करत आणि म्हणत, "आहे गं बाई, अजून आहे. लिही."

समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत परवाना होता. मंजूर संख्या अठरा. त्याच्याखाली मॅडमनी नियमांचा कागद लावला होता, आणि तो मोजणीबाईला आता वाचता येत असे. सहा माणसांमागे एक मदतनीस. प्रत्येक मदतनिसाला लिहिता-वाचता आले पाहिजे. औषधे कुलपात. न्हाणीघरात धरायला दांडे. बाहेर पडायचे दार आतून एका धक्क्यात उघडले पाहिजे, त्याला कडी-कुलूप चालणार नाही. दर दोन तासांनी मोजणी. आणि शेवटी, आलेल्या प्रत्येकाची येण्याची वेळ, आणणाऱ्याची सही, जाण्याची वेळ, नेणाऱ्याची सही. एकही घर कोरे राहता कामा नये.

परवान्याची तीन वर्षे या महिन्यात संपत होती. आज तपासनीस येणार होते.

मॅडमनी केबिनमधून हाक मारली. त्यांच्यासमोर मागच्या हिवाळ्याची वही उघडी होती. पान कुठले, हे मोजणीबाईला लांबूनच कळले. त्या पानाचा कोपरा इतक्या वेळा दुमडला-उलगडला होता, की आता तो तुटायलाच आला होता.

सातवी ओळ. येण्याची वेळ नऊ दहा. पुढे पेंटरबाबांच्या लेकीची सही, घाईतली, शेवटचे अक्षर ओढून लांब नेलेली. त्यापुढची दोन घरे कोरी.

"एवढीच एक जागा राहिलीय," मॅडम म्हणाल्या. "साहेब पानन् पान बघतात. चार चाळीस घाल. पुढे लिही, गर्दीत नजर चुकवून बाहेर पडले. खाली तुझी सही. चौकशीत तू जे सांगितलंस तेच लिहायचंय, वेगळं काही नाही."

मोजणीबाई पानाचा दुमडलेला कोपरा सरळ करू लागली.

"साखरआजींचं बोलणं डोक्यात घेऊन बसू नकोस," मॅडमनी आवाज खाली आणला. "त्यांना स्वतःला मुलं किती, ते आठवत नाही."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्या पुढे जे बोलल्या त्यात खोटे काहीच नव्हते. परवाना अडला तर दार बंद. दार बंद झाले तर ही अठरा माणसे कुठे जाणार? खिडकीजवळच्या त्या उंच आजोबांचा मुलगा पूर्वी त्यांना घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून कामाला जायचा. टेबलाशी बसलेल्या त्या हसऱ्या आजी दोनदा शेगडीवर भाजल्या होत्या. एका कोऱ्या चौकोनापायी एवढ्यांना उघड्यावर टाकायचे का? गेलेला माणूस तर परत येणार नाही.

"बघ बाई," मॅडम शेवटी म्हणाल्या. "सुंठीवाचून खोकला जातोय."

मोजणीबाईने वही उचलली आणि मोठ्या टेबलाच्या कडेला येऊन बसली. याच कोपऱ्यात ती अक्षरे शिकली होती.

ती इथे आली ती फरशी पुसायला आणि चहा करायला. सही म्हणजे अंगठा. तीन वर्षांपूर्वी परवान्याच्या वेळी एक मदतनीस कमी पडत होती. मॅडम म्हणाल्या, तू माणसं छान सांभाळतेस, लिहायला शिकलीस तर तुलाच घेते. बावन्नाव्या वर्षी लिहायला कोण शिकवणार? तेव्हा पेंटरबाबा म्हणाले, मी आहे ना. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. हात कापायला लागले होते, कालचे आज आठवत नसे, पण हातात खडू दिला की कंप थांबायचा. त्यांची शिकवायची रीत शाळेतली नव्हती, पाटीवाल्याची होती. आधी वरची रेघ. सरळ, एका दमात. मग तिला अक्षरे लटकवायची, दोरीवर कपडे वाळत घालावे तशी. "रेघ सरळ असली की अक्षर पडत नाही," ते म्हणत. चार महिन्यांत ती आपले नाव लिहायला लागली. वर्षभरात औषधांच्या बाटल्या वाचायला लागली. मागच्या दारावरची पाटीही त्यांनीच रंगवली होती. नियमच होता तसा, बाहेर जायच्या दारावर ठळक पाटी हवी. लाल अक्षरात 'बाहेर', आणि पुढे बाण. लेक संध्याकाळी न्यायला यायची ती याच मागच्या दाराने, तिला ते जवळ पडे. जाताना पेंटरबाबा रोज उंबऱ्यात थांबत, मान वर करून पाटीकडे बघत आणि म्हणत, "बाण जरासा वाकडा गेलाय." लेक म्हणे, "असू दे हो बाबा, कुणाला दिसत नाही." ते म्हणत, "मला दिसतो ना."

वहीतल्या त्या दिवशी दोन वाजता तिने डोकी मोजली ती नीट, चालत जाऊन. अठरा होती. मग पडदे ओढले, सगळे पडले. साडेतीनला जाग आली. चारला चहा. चारची मोजणी मात्र तिने आपल्या पद्धतीने केली, जशी ती दोन वर्षे करत आली होती. चहाच्या वेळी कुणी न्हाणीघरात, कुणी चष्मा शोधतोय, कुणी अजून पांघरुणात. एक मोजावे तर दुसरा उठून जाई. म्हणून ती कप मोजे. प्रत्येकाचा कप ठरलेला, कानाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. अठरा भरलेले गेले, अठरा रिकामे आले, की अठरा माणसे जागेवर. रिकामा कप खोटे बोलत नाही, असे ती नव्या मदतनिसांना ऐटीत सांगे.

त्या दिवशी अठरा रिकामे कप आले. पेंटरबाबांचा निळ्या दोऱ्याचाही. तिने खूण केली.

पाच दहाला लेक आली. पेंटरबाबा नव्हते. स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता.

पोलीस आले, त्यांनी विचारले, शेवटचे कधी पाहिले. ती म्हणाली, चारला होते, चहा घेतला त्यांनी. तिला खरेच तसे वाटत होते. एक म्हातारा तासाभरात किती लांब जाणार? तेवढ्याच गल्ल्या, तेवढेच रस्ते, तेवढाच बाजार रात्रभर पालथा घातला. पेंटरबाबा दुसऱ्या दिवशी उजाडताना सापडले, शहराच्या पार टोकाला, बंद पडलेल्या एका गोदामाच्या भिंतीला पाठ लावून बसलेले. भिंतीवर चाळीस वर्षांपूर्वीची जाहिरात होती, त्यांच्याच हातची. डॉक्टर म्हणाले, थंडीने. पहाटे पहाटे गेले असावेत.

तिचा जबाब कागदावर उतरवला गेला. अंगठा नको, मला सही येते, असे ती म्हणाली. वरची रेघ काढली आणि नाव लटकवले. सरकारी कागदावरची तिची ती पहिली सही.

महिन्याभराने पेंटरबाबांच्या जागी दुसरे आजोबा आले. आणि एका दुपारी साखरआजीने त्या नव्या आजोबांचा कप उचलून तोंडाला लावला. साखरआजीला मधुमेह, तिचा चहा बिनसाखरेचा, आणि तिचा जीव सगळा साखरेत. मोजणीबाईने हटकले तर आजी गाल फुगवून म्हणाली, "पेंटर तर मला रोज अर्धा द्यायचा. त्या दिवशी तो नव्हताच जागेवर, मग मी आपला सगळाच घेतला."

"कुठल्या दिवशी, आजी?"

"ज्या दिवशी स्वेटर बसला होता खुर्चीत, त्या दिवशी."

मोजणीबाई त्या दिवसापासून एकोणीस मोजू लागली.

पहाटेपर्यंत माणूस जिवंत होता. चारला नव्हे, दोननंतर कधीतरी निघाला होता. लांब गेला असणार, लांब शोधा, एवढे तिने सांगितले असते तर. हे तिने मॅडमना अर्धेमुर्धे सांगून पाहिले. मॅडमनी तिचा हात दाबला आणि विषय बदलला. मागच्या दाराला मग एक पितळी घंटा लागली. दार उघडले की वाजायची. कधीकधी दुपारच्या शांततेत, सगळे पडलेले असताना, ती नुसतीच वाजे. वारा असेल. मोजणीबाई तरी उठून जाई. दाराशी कुणी नसे, फक्त रंगात घालायच्या टर्पेंटाइनचा वास आल्यासारखा वाटे, आणि तो वास येणार कुठून? साखरआजीचे तर बोलायलाच नको. ती अजून शेजारच्या खुर्चीकडे वळून गप्पा मारी, आणि बिस्किट अर्धे मोडून कडेला ठेवी.

जो सही होऊन गेला नाही तो गेला नाही. तिने नियमाचा अर्थ असाच लावून घेतला होता. वहीप्रमाणे माणूस अजून आत होता.

तिने पेन उचलले. कोऱ्या घरात वरची रेघ काढली, सरळ, एका दमात. मग हात थांबला. चार चाळीस लिहायचे होते. रेघेखाली काहीच लटकेना.

तेवढ्यात पुढच्या दाराशी चपला वाजल्या आणि तपासनीस आत आले.

मोजणीबाईने त्यांना ओळखले. तीन वर्षांपूर्वी आले होते ते हेच. तेव्हा केस काळे होते. कमी बोलणारा, मोजूनमापून चालणारा माणूस. खिशातून टेप काढून त्यांनी खोली मापली, अठराने भागली, मान हलवली. न्हाणीघरातल्या दांड्याला लटकून पाहिले. नळाखाली हात धरला. औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाच्या गळ्यात आहे, ते विचारले. साखरआजीने त्यांना जवळ बोलावून, तुमच्याकडे एखादी गोळी आहे का, असे हळूच विचारले. ते म्हणाले, "आजी, माझ्याकडे आहे ती तुम्हाला चालायची नाही, रक्तदाबाची आहे." मॅडमना हायसे वाटल्यासारखे दिसले. साहेब हसले म्हणजे अर्धे काम झाले.

बारा वाजले.

"मोजणी आहे ना आता?" तपासनीस म्हणाले. "करा. मला बघायचं आहे कशी करता."

मोजणीबाई उठली. पदर खोचला. दारापासून सुरुवात केली. आज तिने प्रत्येक खुर्चीच्या पाठीला हात लावला. हात वर करणाऱ्या आजोबांनी हात वर केला, "आहे गं बाई." खिडकी झाली, टेबल झाले, भिंत झाली. साखरआजीच्या खुर्चीला हात लावला, आणि पुढे तिचा हात तसाच अधांतरी राहिला, जणू तिथेही एक पाठ होती.

"एकोणीस," ती म्हणाली.

मोठ्याने. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. मंजूर संख्येच्या वर एक जरी माणूस सापडला, तरी परवाना तिथल्या तिथे रद्द होतो. तपासनिसांनी चष्मा सारखा केला आणि स्वतः मोजले, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग शांतपणे म्हणाले, "अठरा आहेत, बाई. एकोणिसावं कोण?"

मॅडम घाईने पुढे आल्या. बाईंना रात्रभर झोप नाही, घरी आजारपण आहे, असे काहीबाही सांगू लागल्या. मोजणीबाईच्या घरी कुणीच नव्हते, आजारी पडायलासुद्धा.

ती टेबलाकडे गेली. वही उचलून आणली. कोपरा दुमडलेले पान उघडून साहेबांसमोर धरले.

"हे," ती म्हणाली. "हे अजून गेले नाहीत."

तपासनिसांनी ओळ वाचली. मग कोऱ्या घरावर बोट ठेवले. "आणि ही नुसती रेघ कशाची?"

"पुढचं खोटं लिहायचं होतं. हात चालला नाही."

मग तिने सगळे सांगितले. दोनची मोजणी, निळ्या दोऱ्याचा कप, साखरआजी, जबाबावरची सही. तिने मॅडमचे नाव घेतले नाही, स्वतःला वाचवायला कुठे आडोसा घेतला नाही. तिचा आवाज चढला नाही, की डोळे भरले नाहीत. फळ्यावर लिहिलेले वाचून दाखवावे तसे ती बोलत गेली. म्हातारे ऐकत होते. निम्म्यांना कळले, निम्म्यांना नाही. साखरआजी मध्येच म्हणाली, "गोड होता हो पण चहा," आणि कुणीच तिला गप्प केले नाही.

बोलणे संपल्यावर तपासनीस मागच्या दाराकडे वळले.

"याच दाराने गेले?"

"हो. त्यांना तेच ठाऊक होतं."

"याला वर कडी होती," ते म्हणाले. "मागच्या वेळी मीच काढायला लावली."

आग लागली तर माणसे आत जळू नयेत म्हणून तो नियम. चांगलाच नियम.

त्यांनी टेबलाशी बसून अहवाल लिहिला. तीन वर्षांचा परवाना आता मिळणार नाही, सहा महिन्यांचा मिळेल, अटींवर, असे त्यांनी मॅडमना सांगितले. मोजणी नाव घेऊन करायची, माणसाला हात लावून करायची. वस्तू मोजायच्या नाहीत. आणि मोजणीचे काम या बाईंकडे ठेवायचे नाही. जुना जबाब बदलावा लागेल, त्यासाठी बाईंना बोलावणे येईल, तिथे जे निघेल ते निघेल. घरच्यांना कार्यालयातून पत्र जाईल.

"पत्र नको आधी," मोजणीबाई म्हणाली. "मी सांगते त्यांना. पत्र मागून येऊ दे."

तपासनिसांनी विचार केला. मग वही तिच्याकडे सरकवली. "या घरात जे खरं आहे तेवढंच लिहा. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहा."

रेघ काढलेलीच होती. तिने तिच्याखाली अक्षरे लटकवली. दुपारी दोननंतर, चारच्या आधी. कुणी पाहिले नाही. चहा घेतला नव्हता. घर एवढेसे, त्यात ते मावले नाही, खालच्या ओळीत उतरले. नेणाऱ्याच्या सहीचे घर कोरेच राहिले. तिथे काय लिहायचे, ते साहेबांनाही सुचले नाही.

ते गेल्यावर मॅडम केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. "बसल्या फांदीवर घाव घातलास," एवढेच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने पाण्याचा पेला आणून तिच्यासमोर ठेवला आणि तिच्या कमरेला बांधलेली वहीची पेन्सिल सोडवून दुसऱ्या मावशीच्या हातात दिली. दुसरी मावशी ती धरून नुसतीच उभी राहिली.

मोजणीबाईने लेकीला फोन केला. सांगायचे आहे, समोर या, फोनवर नको, एवढेच बोलली. लेक कामावरून सुटून आली तेव्हा घड्याळात पाच दहा झाले होते. ठरवून नव्हे. तिची सुटायची वेळच ती.

अकरा महिन्यांत ती पहिल्यांदाच येत होती. बाबांचे सामान न्यायलाही आली नव्हती. मागच्या दाराने आली, घंटा वाजली तशी दचकली. मोजणीबाईने तिला त्याच कोपऱ्यात बसवले आणि दुपारी साहेबांना सांगितले तेच पुन्हा सांगितले. दुपारी सोपे गेले होते. आता एकेक शब्दाला वेळ लागत होता, पण तिने एकही गाळला नाही.

लेकीने सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाली, "चहा नव्हता घेतला?"

"नाही."

"मी अकरा महिने सगळ्यांना सांगत आले. गरम चहा पिऊन गेले म्हणून. मुलांना तेच सांगितलं." ती थांबली. "किती वाजता निघाले मग?"

"दोननंतर. साडेतीनच्या आत. सगळे उठले तेव्हा ते नसणारच."

लेक टेबलावर बोटे टेकवून हिशेब करत राहिली. दोनला निघाले, हळूहळू चालले, मध्ये कुठे बसले. "म्हणजे सातपर्यंत पोचले असतील तिथे," ती म्हणाली. "सात वाजता मी तुमच्या या मागच्या गल्लीत हाका मारत होते."

मला माफ करा, हे शब्द मोजणीबाईला येत होते, ती ते लिहूही शकली असती. पण ते मागणे झाले असते, आणि मागायला तोंड कुठे होते?

"मी काही बोलत नाही, मावशी," लेक म्हणाली. "बोलायला लागले तर फार होईल."

पुढच्या दाराने माणसे न्यायला येऊ लागली होती. दुसरी मावशी एकेकाचे नाव घेऊन, हात धरून, सही करून घेऊन सोडत होती. लेक ते बघत राहिली. मग म्हणाली, "ती वही दाखवा."

मोजणीबाईने पान उघडले. लेकीने आपली त्या सकाळची सही पाहिली, घाईतली. मग तिने पुढचे वाचले, खालच्या ओळीत उतरलेले. तिचे बोट त्या अक्षरांवरून फिरले आणि वरच्या रेघेवर थांबले.

"हे त्यांनी शिकवलं तुम्हाला."

"हो."

"सरळ आहे रेघ."

तिने पेन मागितले. नेणाऱ्याच्या सहीच्या घरात सही केली, रोजच्यासारखी, शेवटचे अक्षर ओढून लांब नेलेली. शेजारी बारीक आकड्यांत लिहिले, पाच दहा. मोजणीबाईने वर पाहिले.

"मी आले होते न्यायला," लेक म्हणाली. "त्या दिवशीही आले होते."

मोजणीबाई उठून कप्प्यांपाशी गेली. सात नंबरच्या कप्प्यातून स्वेटर काढला, चष्म्याचे घर काढले, कपाटाच्या वरून निळ्या दोऱ्याचा कप आणला. लेकीने स्वेटर घेतला, चष्मा घेतला. कपाकडे पाहिले आणि तो टेबलावरच राहू दिला. साखरआजी आपल्या सुनेची वाट बघत बसली होती. ती शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणाली, "चल रे पेंटर, तुझी लेक आली."

लेकीने स्वेटर घडी न घालता हातावर टाकला, कुणाच्या तरी खांद्यावर लगेच घालायचा असावा तसा. दोघी मागच्या दाराशी आल्या. मोजणीबाईने दार ढकलले. एका धक्क्यात उघडले. घंटा एकदाच वाजली. लेक उंबऱ्यात क्षणभर थांबली, मान वर करून लाल पाटीकडे पाहिले आणि गल्लीत उतरली.

ती वळणापर्यंत गेली, वळली, दिसेनाशी झाली. बाहेरची थंडी आत येत होती. आतून कुणीतरी, दार लावा हो, असे म्हणाले. मोजणीबाईने दार लावले नाही. अजून एक म्हातारा माणूस सावकाश बाहेर पडेल, वर बघून बाणाला नाव ठेवेल, एवढा वेळ ती ते धरून उभी राहिली.